जुनी डिझेल व्हॅन विकताय? मग या चुका टाळा

गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवू नका. जुनी डिझेल प्रवासी व्हॅन विकणारे ज्या चुका करतात, त्यातली ही सगळ्यात महागात पडते. आणि वाईट याचं वाटतं की ज्यांची गाडी ठणठणीत आहे, तीच माणसं ती करतात. गाडी झटकन चालू व्हावी, धूर दिसू नये, छाप पडावी, एवढाच त्यांचा हेतू असतो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण 16 ते 22 पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. इंजिन गार असताना सिलिंडरच्या भिंती ही उष्णता ओढून घेतात, म्हणून तर आतली हवा आधी तापवणारे ग्लो प्लग लागतात. कॉम्प्रेशन उतरलंय, इंजेक्टर ठिबकतोय, ग्लो प्लग मेलाय, बॅटरी थकलीय, यातलं काहीही असलं तरी ते गार इंजिनाच्या पहिल्या सेल्फला उघडं पडतं. इंजिन गरम झालं की यातलं बरंचसं झाकलं जातं. जाणकार माणसाला हे पाठ असतं. तो आल्याआल्या बॉनेटवर तळहात ठेवतो.

माझी पहिली नऊ आसनी व्हॅन मी विकायला काढली, तेव्हा तिचे चारही ग्लो प्लग नवे होते. ऑइल वेळेवर, कूलंट वेळेवर, लपवण्यासारखं काहीच नव्हतं. सकाळी धाकट्या भावाने मला न विचारता गाडीची वीस मिनिटं चक्कर मारून आणली. बघायला आलेले गृहस्थ आयुष्यभर गाड्या चालवलेले होते. त्यांनी बॉनेटला हात लावला, मग बॉनेट उघडून रेडिएटरचा वरचा होज दोन बोटांनी दाबला आणि विचारलं, "सकाळी कुठे जाऊन आलात का?" भाऊ पटकन म्हणाला, "नाही, कालपासून इथेच उभी आहे." मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही. त्यांनी बॉनेट हळूच बंद केलं, गाडीच्या आत डोकावलंसुद्धा नाही, आणि निघाले. संध्याकाळी मी फोन करून म्हटलं, उद्या पहाटे या, गार गाडी बघा. "राहू द्या," एवढंच ते बोलले. तीच गाडी पुढे दीड महिन्याने दुसऱ्याला दिली. तो सकाळी सातला आला, किल्ली त्यानेच फिरवली आणि इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला सकाळी पहिल्यांदा बोलावतो आणि किल्ली त्याच्या हातात देतो. एवढंच सांगतो की डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. या दोन-तीन सेकंदांचाही धीर नसलेली माणसं मी रोज बघतो. किल्ली एका दमात शेवटपर्यंत फिरवतात आणि मग "डिझेल गाड्या थंडीत त्रास देतात" म्हणतात.

गार असताना गाडी खरोखरच कुरकुरत असेल, तर जाहिरात टाकायच्या आधी दुरुस्त करा. ग्लो प्लगची वायर काढून प्लगचं टोक आणि इंजिनाची बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी आकडा आला तर बहुतेक प्लग ठीक असतो. सर्किट तुटलेलं दाखवलं तर प्लग मेला. मी सगळे एकदमच बदलतो. पण गार इंजिनात जोर लावून प्लग काढू नका. वर्षानुवर्षं बसलेला प्लग आत मोडतो आणि मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायची वेळ येते. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडा, इंजिन कोमट करा आणि थोडं सोडव, थोडं परत आवळ, असं करत काढा. अर्धा दिवस गेला तर जाऊ द्या.

धुराबद्दलही आधीच बोलून टाका. थंडीत सुरुवातीला पांढुरका धूर येऊन मिनिटभरात थांबला, तर काळजीचं कारण सहसा नसतं. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही चालूच आहे, त्याला गोडसर वास आहे आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या सीलचा, संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा आधी एअर फिल्टर बघा, मग इजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) आणि इंजेक्टर. धूर लपवण्यासाठी ऑइलमध्ये घट्ट रसायन ओतणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. नव्या मालकाच्या पहिल्या लांबच्या प्रवासात ते उघडं पडतं, आणि ही प्रवाशांची गाडी आहे, आत माणसं बसलेली असतात.

इंजिन धुऊन चकाचक करू नका

ही माझी दुसरी दुखरी नस. एका ओळखीच्या माणसाने बघणीच्या आदल्या संध्याकाळी प्रेशर वॉशरने अख्खं इंजिन धुऊन घेतलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो, कारण गाडी चांगली आहे हे मला माहीत होतं. चढावर गिऱ्हाईक चालवत असताना चेक इंजिनचा दिवा लागला आणि पिकअप गेला. गाडी जेमतेम सरपटत परत आली. एका सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. आम्ही दुपारी कनेक्टर सोडवून सुकवला आणि गाडी पूर्ववत झाली. पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. त्याला आपण काय समजावणार?

पाणी शिरलं नसतं तरी फायदा नव्हता. इतक्या वर्षांच्या डिझेल इंजिनावर धुळीचा कण नाही म्हटल्यावर बघणाऱ्याला वाटतं, ऑइल गळत असणार, तेच पुसलंय. मी आठवडाभर आधी कोरडा ब्रश आणि फडकं फिरवतो, बॅटरीचे टर्मिनल साफ करतो आणि तशीच गाडी रोज चालवतो. कुठे ओल दिसते का हे गिऱ्हाइकाच्या आधी मला कळतं.

गाडीखाली घाईघाईने मारलेल्या काळ्या रंगाचंही तेच. त्या रंगाखाली काय आहे हे बघायला माणूस स्क्रूड्रायव्हर टोचतोच. त्यापेक्षा चाकावरचे कोपरे, दाराखालची चौकट, सरकत्या दाराची खालची पट्टी, जॅक लावायच्या जागा, इथला गंज स्वतः वाकून टॉर्चने दाखवा. वरवरचा कुठला आणि पत्रा खाल्लेला कुठला, हे तुम्हीच सांगितलंत की पुढच्या बोलण्यावर विश्वास बसतो.

कोड पुसून दिवा घालवणं

चेक इंजिनचा दिवा लागला की काही जण स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड पुसतात आणि त्याच दिवशी गाडी दाखवतात. आता गिऱ्हाईकही खिशात छोटा स्कॅनर घेऊन येतं. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात, आणि पुष्कळ गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तोही आकडा निघतो. तिथे 6 किलोमीटर दिसले की बोलणी संपली. दोष शोधा, दुरुस्त करा, मग दोन आठवडे गाडी वापरा.

नोंदी नसणं

"टायमिंग बेल्ट बदललाय" हे नुसतं तोंडी सांगितलं तर त्याला किंमत नाही. हा पट्टा पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवतो. तो तुटला की बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि एका क्षणात इंजिन मोडीत निघतं, म्हणून घेणारा सगळ्यात आधी हेच विचारतो. माझ्या गाडीत एक दोनशे पानी वही असते. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणी बदललं, आणि बिल त्याच पानाला स्टेपल केलेलं. काढलेला जुना बेल्ट मी पिशवीत ठेवतो. पिशवीवर मार्करने किलोमीटर लिहिलेले असतात, आत नव्या बेल्टच्या खोक्याचा पार्ट नंबर असलेला तुकडा असतो. बेल्ट जिथे वॉटर पंपही फिरवतो, तिथे पंप त्याच वेळी बदलल्याची नोंद हवी, कारण मजुरी तीच असते. मागच्या एका विक्रीत त्या माणसाने वही पाऊण तास वाचली, गाडी दहा मिनिटं चालवली आणि घासाघीस न करता घेतली. वही नसेल तर आज बसा, जुनी बिलं गोळा करा, तारखेवार लावा. जे आठवत नाही ते "माहीत नाही" असं लिहा. अंदाजाने आकडे भरू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडलं म्हणून विकायच्या तोंडावर पुन्हा बदलू नका. डिझेलमध्ये काजळीने ते काळं होणारच, तसं सांगा. टायरवरचा चार आकडी कोड स्वतः वाचून ठेवा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी टायर म्हातारा असू शकतो. गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघा. बोटाला दाट काजळी आली तर फिल्टर फुटलाय किंवा कोणीतरी काढलाय, आणि हे गिऱ्हाइकालाही कळतं. सामान वाहायला काढलेल्या सीट परत बसवा, बोल्ट आवळा, शेवटच्या रांगेचेसुद्धा सगळे पट्टे अडकतात का पाहा. मागचा एसी चालू करून मागे बसून बघा. विक्री लांबली म्हणून गाडी महिनाभर उभी करू नका. बॅटरी बसते, ब्रेक डिस्क गंजतात. आठवड्यातून एकदा चांगली अर्धा तास चालवा. डिझेल फिल्टरखालचं पाणीही काढून टाका.

किमतीत लोक स्वतःचा जीव मोजतात. मला कळतं ते, या गाडीतून घरची लग्नं झालेली असतात. तरी क्लच, टर्बो, पाटे यांवर केलेला खर्च जसाच्या तसा भरून निघत नाही. त्याने एवढंच होतं की गाडी लवकर आणि बाजारातल्या चांगल्या भावाने जाते. शिल्लक असलेलं काम आधीच सांगा आणि तेवढे पैसे स्वतःहून कमी करा.

फेरी मारायला देताना समोरच्याचं लायसन्स बघा आणि शेजारी बसा. पैसे खात्यात दिसल्याशिवाय किल्ली देऊ नका, आणि मालकी बदलाची कागदपत्रं त्याच बैठकीत पूर्ण करा. निघताना दुसरी किल्ली, वही, जॅक द्या, आणि चाकांना चोरी रोखणारे लॉक नट असतील तर त्याची ती छोटी चावीही द्या. ती बऱ्याचदा जुन्या मालकाच्या घरातल्या खणात राहते आणि नव्या मालकाला पहिलं पंक्चर रात्री रस्त्यात होतं.