दहा मिनिटांचा समुद्र चारचौघांना कसा ऐकवायचा

वेस्टर्न ऑर्केस्ट्रा म्हणजे झोपेचं औषध असं लई जणांना वाटतं, त्यांना जर्मन संगीतकार मेंडेलसोनचं 'हेब्रिडीज' (स्कॉटलंडच्या बेटांचं नाव) ऐकवा, दहाएक मिनिटांचंच आहे. आधी काही सांगायचं नाही, नाव पण नाही. मोबाईलचा स्पीकर नको, कारण सुरुवातच व्हायोला, चेलो (व्हायोलिनची मोठी भावंडं) आणि बसून नावाच्या लांब फुंकवाद्याच्या खालच्या सुरात आहे, एकच छोटी धून लाटेसारखी परत परत येते, तीच ऐकू आली नाही तर उरलं काय.

संपल्यावर 'आवडलं का' विचारू नका, सगळे हो म्हणतात (चहा तुमचाच असतोय ना). कुठं दचकला, कुठं कंटाळा आला ते विचारा. कुणाला मालवण दिसेल, कुणाला पावसातला गगनबावड्याचा घाट, कुणाला काहीच नाही, तेही चालतंय.

मग सांगा की १८२९ साली मेंडेलसोन स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरची गुहा बघायला गेलेला, बसाल्टच्या खांबांची, आपल्या पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला आहेत तसल्या, आणि गंमत म्हणजे सुरुवातीची धून त्यानं आदल्या दिवशीच पत्रात लिहिलेली! आता परत लावा. चेलो-बसूनवर मोठी मोकळी धून येते तिथं चेहरे बघा.

मंडळी खूश झाली तर पुढच्या वेळी फ्रेंच संगीतकार डेब्यूसीचं 'ला मेर' (म्हणजे समुद्रच), १९०५ चं, तीन भागांचं. फक्त तांबडा-पांढरा ओरपून झाल्यावर लावू नका, सगळे झोपतील.