स्केलेटॉरचं चिलखत: शाडूपासून फायबरपर्यंत

कार्टूनमधल्या खलनायकाचं अंगावर घालायचं चिलखत करणं सिनेमातल्या चिलखतापेक्षा अवघड आहे, असं माझं ठाम मत आहे. सिनेमातल्या योद्ध्याच्या कवचावर ओरखडे, गंज, ठोकलेल्या पत्र्याचे खळगे शोभून दिसतात आणि त्यांच्या आड करणाऱ्याच्या हातातली कसरही लपते. कार्टूनमध्ये तसा आडोसा मिळत नाही. ‘ही-मॅन’ या अमेरिकी कार्टूनमधला कवटीच्या तोंडाचा खलनायक स्केलेटॉर घ्या. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीनं त्याचं खेळणं १९८२ मध्ये आणलं, फिल्मेशन या स्टुडिओची मालिका १९८३ मध्ये सुरू झाली आणि तिचे १३० भाग झाले. एवढं सगळं हातानं काढून रंगवायचं, तर पात्रावर रेघा कमीत कमीच ठेवाव्या लागतात. त्यामुळे पडद्यावर उरतो एकसारखा जांभळा रंग, छातीवरची हाडांची फुली आणि खांद्यांवर वर निघालेली टोकं. आपल्याला नेमकं तेवढंच करायचं आहे: सुरीसारखी स्पष्ट कड आणि एकही लाट नसलेली सपाटी. पुढची प्रत्येक पायरी याच दोन गोष्टींसाठी आहे.

मी पेणची. गणपतीच्या कारखान्यात साचे भरताना बघत मोठी झाले, म्हणून खालची पद्धत बरीचशी तिकडची आहे. सिलिकॉन (साच्याचं लवचीक रबर) आणि फायबर (रेझिनमध्ये बसवलेले काचेचे तंतू) यांचं काम नंतर शिकले.

आधी खाकी कागद घ्या आणि चिलखत खऱ्या मापात काढा. एकाच चित्रावर विसंबू नका. समोरून, बाजूनं आणि मागून अशी तीन चित्रं समोर ठेवा, कारण हातानं काढलेल्या मालिकेत खांद्याची उंची दृश्यागणिक थोडी बदलते. कागद कापून घालणाऱ्याच्या छातीवर चिकटवा आणि पंधरा फुटांवरून फोटो काढा. स्केलेटॉरचे खांदे माणसाच्या खांद्यांपेक्षा खूप रुंद आहेत. अंगाच्या मापाचं चिलखत केलंत तर ते बनियनसारखं दिसतं. खांद्याची टोकं दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटीमीटर बाहेर काढा, कंबरेकडे निमुळतं करा आणि पुन्हा फोटो बघा. हे कागदावर जमेपर्यंत मातीला हात लावू नका.

मग धडाचा ठसा. घालणाऱ्यानं जाड टी-शर्ट घालायचा, कारण चिलखताच्या आत बॉडीसूट आणि अस्तर येणार आहे. त्यावर क्लिंग फिल्म गुंडाळा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या प्लास्टरच्या पट्ट्या ओल्या करून तीन-चार थरांत लावा. छाती आणि पाठ वेगवेगळी करा. बाजूच्या जोडावर व्हॅसलीन लावलंत तर दोन्ही भाग सहज सुटतात. श्वास पूर्ण भरलेला असताना छातीचा भाग घट्ट होऊ द्या, नाहीतर तयार चिलखतात माणूस गुदमरतो. आणि एक गोष्ट कधीच करू नका: अंगावर थेट पीओपी ओतू नका. पीओपी घट्ट होताना तापतं, जाड थरात तर कातडी भाजण्याइतकं. पट्टीचा थर पातळ असतो, म्हणून तो चालतो.

या ठशात पीओपी आणि काथ्या भरून धड तयार करा. सुकल्यावर त्याला लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या. कोरडं पीओपी मातीतलं पाणी शोषून घेतं आणि वरच्या शाडूला रात्रीत भेगा पडतात.

आता माती, म्हणजे या कामाचा खरा गाभा. मी शाडूच वापरते. तेलकट क्ले सुकत नाही हे खरं, पण त्यातल्या कित्येक प्रकारांत गंधक असतं आणि गंधकामुळे प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन घट्टच होत नाही, चिकट राहतं. रबरी हातमोज्यांनीही तेच होतं, म्हणून नायट्राईलचे मोजे घ्या. शाडू स्वस्त आहे आणि पटकन खरवडता येतो. फक्त काम थांबवलं की ओलं फडकं आणि वर प्लास्टिक घालायला विसरू नका.

आधी सगळीकडे साधारण सहा मिलिमीटरचा थर द्या, मग त्यावर हाडांची फुली उभी करा. ही हाडं शरीरशास्त्राच्या पुस्तकातली नकोत: दोन्ही टोकांना फुगीर, मधे सरळ, बाकी काही नाही. पृष्ठभाग पत्र्याच्या वाकणाऱ्या पट्टीनं, एकाच दिशेनं, लांब हात मारत ओढा. बोटानं गुळगुळीत करू नका. बोट खळगे करतं आणि ते ओलेपणी दिसत नाहीत. त्यासाठी खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च मातीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. प्रत्येक लाट सावली टाकते. ती भरा, ओढा, पुन्हा टॉर्च. या पायरीला कितीही वेळ लागू दे, द्या. मातीतली लाट घालवायला पट्टीचा एक हात पुरतो. तीच लाट फायबरवर आली की लांबी (खळगे बुजवायची पुटी) भरा, घासा, पुन्हा भरा, आणि हे प्रत्येक नगाला. कडा सर्वांत शेवटी, माती थोडी आवळल्यावर, सरळ पट्टी धरून कापा.

माती झाली की पारदर्शक अॅक्रिलिक स्प्रेचे दोन हलके हात मारा आणि भोवती तीन बोटं रुंद मातीची पट्टी बसवा. तिच्यात ठरावीक अंतरावर छोटे खळगे करा, म्हणजे साच्याचे थर एकमेकांवर अचूक बसतील.

साच्यासाठी टिन जातीचं मऊ सिलिकॉन पुरे. शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) २० ते २५ चं घेतलंत तर खांद्याच्या टोकांवरून ते सोलून काढता येतं. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या टक्केवारीनं, वजनकाट्यावर मोजून घाला; अंदाज इथे चालत नाही. पहिला हात अगदी पातळ, ब्रशनं, कोपऱ्यांत फुंकर घालत, म्हणजे बुडबुडे फुटतात. तो चिकटसर असतानाच दुसरा. पुढच्या थरांत सिलिकॉन दाट करणारं द्रव घाला आणि गॉजचे तुकडे बसवा. एकूण जाडी आठ-दहा मिलिमीटर झाली पाहिजे, टोकांवर थोडी जास्तच.

सिलिकॉन एकटं उभं राहत नाही, त्याला बाहेरून कवच लागतं. इथे पेणची रीत उत्तम: पीओपीत बुडवलेला काथ्या थरावर थर लावा. हे कवच दोन भागांत करा आणि जोड खांद्याच्या सर्वांत उंच रेषेवरून न्या. जोड दुसरीकडे घेतलात तर कवच टोकांत अडकतं आणि फोडल्याशिवाय निघत नाही. जोडावर भोकं पाडून नटबोल्ट लावा.

आता फायबर. आधी सुरक्षिततेचं सांगते, कारण या साहित्याला मी गांभीर्यानं घेते. पॉलिएस्टर रेझिन घट्ट व्हायला कोबाल्ट (वेग वाढवणारं) आणि हार्डनर अशी दोन द्रवं लागतात. ही दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. जोरात पेट घेतात, स्फोटही होऊ शकतो. सर्वांत चांगलं म्हणजे दुकानातूनच कोबाल्ट घातलेलं रेझिन घ्या, म्हणजे घरी एकच बाटली राहते. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा गॉगल हवाच. कापडी मास्क किंवा एन-९५ रेझिनची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिजचा मास्क घ्या आणि काम गच्चीवर किंवा अंगणात करा. बंद खोलीत नाही, पंखा लावूनही नाही.

रेझिन एका वेळी २०० ग्रॅमच्या आसपास कालवा. त्याला २ ते ४ ग्रॅम हार्डनर. मे महिन्यात कमी, थंडीत जास्त. पहिला थर जेलकोटचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या दाट रेझिनचा. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका झाला, की ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) काचतंतूंच्या मॅटचे दोन थर द्या. मॅट कापू नका, हातानं फाडा. फाटलेल्या कडा एकमेकींत मिसळतात आणि जोड दिसत नाही. ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. मॅट पांढरी दिसते तिथे हवा आहे. टोकांमध्ये आधी रेझिन आणि मॅटचे बारीक तंतू कालवून भरा, नाहीतर तिथे पोकळी राहते आणि पहिल्या धक्क्याला टोक तुटतं. फायबर चामड्याइतकं घट्ट असताना जास्तीची कड कटरनं कापून घ्या; पूर्ण कडक झाल्यावर त्याच कामाला ग्राइंडर लागतो.

पाठीचा भाग याच पद्धतीनं, पण त्याला फुली नाही, टोकं नाहीत, म्हणून सिलिकॉनचा खर्च करू नका. शाडूवरून थेट पीओपीचा साचा घ्या, सुकवा, लाखेचं पॉलिश करा, मेणाचे चार-पाच हात आणि वर पीव्हीए रिलीजचा (नग साच्यातून सुटावा म्हणून लावायचं द्रव) एक हात द्या, फायबर भरा.

घासताना पॉलिश पेपर ओला वापरा. फायबरची कोरडी धूळ कातडीला खाज आणते आणि छातीत जाते. लांबी, प्रायमर, मग २२०, ४००, ६०० असे पेपर. प्रायमरनंतर पुन्हा तोच आडवा टॉर्च.

रंग एकच सपाट जांभळा आणि वर बिनचकाकीचं मॅट क्लिअर. चकाकी नको, फ्लॅशमध्ये तिचे पांढरे डाग पडतात आणि कार्टूनचा भास तिथेच संपतो. कित्येक जण प्रत्येक कडेला काळी रेघ मारतात, ती मला पटत नाही. माणूस जरा वळला की रेघ चुकीच्या जागी दिसते. हाड छातीवर जिथे टेकतं तेवढ्याच खाचेत गडद जांभळा भरा.

छाती आणि पाठ बाजूंना ४० मिलिमीटर रुंद इलॅस्टिकनं जोडा, रिवेटखाली वॉशर घाला. डाव्या खांद्यावर बकल लावा. ते आणि गळ्याची कड दोन्ही जांभळ्या टोपीच्या घेराखाली जातात. काखेत दोन बोटं मोकळी ठेवा. मेंढ्याच्या कवटीची काठी डोक्यावर उचलल्याशिवाय हे पात्र पुरं होत नाही, आणि काख घट्ट असेल तर हात खांद्याच्या वर जात नाही.

साचा ठेवताना सिलिकॉन त्याच्या पीओपीच्या कवचातच बसवून, बोल्ट आवळून, आडवा ठेवा. घडी घालून ठेवलेलं सिलिकॉन वाकडं होतं आणि पुढचा नग तसाच वाकडा निघतो.