मुंबईत लस घ्यायला जाताना: घरापासून केंद्रापर्यंत आणि परत

लस टोचून घ्यायला दोन मिनिटं पुरतात. घरातून निघून परत येईपर्यंत मात्र तीन-चार तास सहज जातात, आणि करोना गाठतो तो या तासांत: बंद काचांच्या गाडीत, फाटकाबाहेरच्या रांगेत, लशीनंतर बसवतात त्या खोलीत. मे २०२१ मध्ये आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना मुंबईतल्या केंद्रावर न्यायचं असेल तर तयारी या तीन जागांसाठी करावी लागे; पुढच्या सूचना त्या वेळच्या आहेत.

सुरुवात स्लॉट घेतानाच होते. कोविनवर, म्हणजे लसीकरणाच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, पिनकोड टाकून शोधा आणि पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल असंच केंद्र निवडा. मे २०२१ मध्ये लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद होती, त्यामुळे कांदिवलीच्या माणसाने बीकेसीचा (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या केंद्राचा) स्लॉट घेतला की सगळा प्रवास रस्त्यानेच होई, जाऊन-येऊन. पालिका तेव्हा रोज रात्री दुसऱ्या दिवशी सुरू असणाऱ्या केंद्रांची यादी ट्विटरवर टाकत असे. ती बघितल्याशिवाय निघू नका. साठा आला नाही की केंद्र बंद राही, आणि स्लॉट हातात असूनही परत फिरावं लागे. दुसऱ्या डोसचं अंतरही मोजून घ्या. मे २०२१ च्या नियमाने ते कोविशील्डसाठी १२ ते १६ आठवडे, कोवॅक्सिनसाठी ४ ते ६ आठवडे होतं. करोना होऊन गेला असेल तर बरं झाल्यापासून ३ महिने थांबायचं होतं. आणि ताप, खोकला असेल, वास येत नसेल किंवा घरात कुणी पॉझिटिव्ह असेल तर स्लॉट सरळ रद्द करा. रांगेत पुढेमागे साठी-सत्तरीचीच माणसं असतात.

मास्कवर थोडा वेळ घालवा, कारण बाकी सगळ्यापेक्षा त्याचाच उपयोग जास्त. एन-९५ असेल तर तो एकटाच वापरा, त्यावर दुसरा चढवू नका. नसेल तर आत तीनपदरी सर्जिकल आणि वर घट्ट कापडी. झडपेचा मास्क नको. त्यातून तुमचा श्वास न गाळताच बाहेर पडतो. मास्क चढवल्यावर नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी, नाकाच्या दांड्यापासून गालांकडे दाबत न्या. एका हाताने चिमटा काढला की मध्ये टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर वरून गळतंय, पुन्हा दाबा. वयस्कर पुरुषांची दाढी वाढली असेल तर आदल्या दिवशी करून घ्या, केसांवर मास्क बसत नाही. मेच्या उकाड्यात मास्क घामाने ओला होतो आणि ओल्या मास्कमधून श्वास घेणं जड जातं, म्हणून माणशी एक जादा मास्क कागदी पाकिटात ठेवा. बदलायचा तो मोकळ्यावर, लोकांपासून लांब जाऊन.

पिशवीत एवढंच: कोविनवर दिलेलं तेच ओळखपत्र, स्लॉटचा कागद, चालू औषधांची चिठ्ठी, पाण्याची बाटली, छोटं सॅनिटायझर, छत्री, सुटे पैसे. अर्ध्या बाहीचा सैल सदरा किंवा ब्लाउज घाला. पोटभर खाऊन आणि नेहमीच्या गोळ्या घेऊन निघा. केंद्रावरच्या स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणीच न पिण्याची बऱ्याच आज्यांना सवय असते. तसं होऊ देऊ नका. उन्हात चक्कर येते ती त्यानेच, आणि दोष लशीला लागतो.

प्रवासाला उपनगरात रिक्षा सगळ्यांत बरी, कारण ती दोन्ही बाजूंनी उघडी. पावसाचा पडदा गुंडाळलेला आहे ना बघा. दोनच प्रवासी बसायचे. शहरात काळी-पिवळी टॅक्सी घ्या, काचा सगळ्या खाली आणि वयस्कर माणूस मागे डावीकडे, म्हणजे चालकापासून तिरकं. ओलाची-उबरची गाडी आली तर बसण्याआधीच एसी बंद करायला सांगा. बसने जावं लागलं तर बेस्टच्या बिगर-एसी गाडीत, उघड्या खिडकीशी बसून. पहिल्या टप्प्याचे सुटे पैसे (२०२१ मध्ये ५ रुपये) हातात ठेवा म्हणजे कंडक्टरशी बोलणं लांबत नाही. गाडी भरलेली दिसली तर सोडून द्या. सोबत एकानेच जा. अख्खं घर नेलं की गर्दी आपणच वाढवतो. स्वतःची गाडी असेल आणि घरच्यांना पायी चालणं जमत नसेल तर मे २०२१ मध्ये दादर पश्चिमेच्या कोहिनूर वाहनतळावर गाडीत बसूनच लस मिळत होती. तिथेही रांग लागे, तेव्हा काचा उघड्या ठेवा.

आता रांग. सगळं चुकतं ते इथे. ९ ते ११ चा स्लॉट असला तरी लोक सातलाच येऊन फाटकाला चिकटतात, यादी कुठे लावली म्हणून सगळे एकाच कागदावर वाकतात, आणि सुरक्षारक्षकाला ऐकू जावं म्हणून मास्क खाली ओढून ओरडतात. कोविशील्डची एक कुपी १० जणांची असते आणि उघडल्यावर ४ तासांत संपवावी लागते, म्हणून बऱ्याच ठिकाणी दहा जण जमवून मगच आत घेत. फाटकाला टेकून उभं राहिलं म्हणून नंबर लवकर लागत नाही. वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा. सोबतच्या माणसाने टोकन घ्यावं किंवा रांग धरावी, आजी-आजोबांना सावलीत, गर्दीपासून चार पावलं लांब बसवावं आणि नंबर जवळ आला की बोलवावं. ज्येष्ठांची आणि दिव्यांगांची वेगळी रांग आहे का, हे आधी विचारा; असली तरी पाटी नेहमी दिसेलशी नसते. उन्हात छत्री उघडा. डोक्यावर सावली होते आणि मागचा माणूस आपोआप दोन हात लांब राहतो, सांगावं लागत नाही.

आत टेबलावर ओळखपत्र दाखवा. ८ मे २०२१ पासून स्लॉटबरोबर चार अंकी कोड येऊ लागला. तो लस देणाऱ्यापाशी पोहोचल्यावरच सांगा. लस न घेताच काहींच्या नावावर नोंद झाली होती, म्हणून हा कोड आला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा आधी कुठल्या औषधाची, इंजेक्शनची तीव्र अॅलर्जी आली असेल, तर सुई टोचण्याआधी बोला. नंतर कापूस नुसता दाबून धरायचा, दंड चोळायचा नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर जास्त वेळ दाबा.

पुढची ३० मिनिटं निरीक्षण कक्षात. लोक इथेच सैलावतात, डबा उघडतात, फोनवर मोठ्याने बोलतात. दाराजवळची किंवा खिडकीशेजारची खुर्ची धरा, मास्क तसाच ठेवा, तहान लागली तर बाहेर जाऊन पाणी प्या. अंगावर गांध्या उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, घसा आवळल्यासारखा झाला, श्वास लागला तर त्याच क्षणी नर्सला हाक मारा. उपचाराची सोय तिथे असते, रस्त्यात नसते. अर्धा तास पुरा झाल्याशिवाय उठू नका.

परतताना मास्क आणि उघड्या काचा जातानासारख्याच. आज घेतलेल्या लशीचं संरक्षण तयार व्हायला आठवडे लागतात, तेही दुसऱ्या डोसनंतर पुरतं. घरी आल्यावर मास्क दोऱ्या धरून काढा, साबणाने हात धुवा. रात्री कणकण, अंगदुखी, दंड जड होणं हे चालतं. पॅरासिटामॉल घ्या आणि पाणी भरपूर प्या. ताप दोन दिवसांपुढे राहिला किंवा सोबत खोकला आला, वास गेला, तर तो लशीचा समजून बसू नका. आरटी-पीसीआर करा आणि अहवाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत राहा.