वीतभर फ्लटर स्पून आणि अधांतरी बास: अमेरिकेला निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

जून-जुलै आला की ओळखीपाळखीतनं फोन सुरू होतात, दादा पोरगं टेनेसीला चाललंय, कुणाचा भाऊ टेक्सासला, घराजवळ मोठा लेक, म्हणजे तलाव, आहे म्हणे, गळ न्यायचा का. न्या की. पण रंकाळ्यावर पिठाच्या गोळीवर चिलापी काढायची सवय तिथं फारशी कामाची नाय, कारण तिथं सगळ्यांना नाद बासचा, लार्जमाउथ बास, आणि हा गडी पीठबीठ खात नाही, जित्ता मासा गिळतो. त्यात भर उन्हाळ्यात तो बऱ्याचदा काठालाही नसतो आणि तळालाही नसतो, मधल्या पाण्यात अधांतरी थांबलेला असतो आणि तिथंच भलेभले हात टेकतात. मी कामानिमित्त चॅटनूगाला होतो, तिथं चिकमॉगा लेक आहे, २०१५ ला टेनेसी राज्याचा रेकॉर्ड बास याच लेकमध्ये लागला, जवळजवळ सात किलोचा. तिथली माणसं अशा अधांतरी बाससाठी जे खोटं आमिष वापरतात ते म्हणजे वीतभर लांब पत्र्याचा फ्लटर स्पून. पांढरा रस्सा वाढायच्या वगराळ्याची दांडी मोडून त्याला गळ लावावा असं दिसतं ते प्रकरण, पण काम लय भारी करतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, स्पून ओढताना मासा लागत नाही, पडताना लागतो. पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे.

आधी लेक समजून घ्या. टेनेसी नदीवरचे लेक म्हणजे धरणांचा फुगवटा, टीव्हीए म्हणून १९३३ साली काढलेली सरकारी संस्था ती धरणं चालवते. म्हणजे आपल्या राधानगरी-काळम्मावाडीसारखंच. मे महिन्यात राधानगरीचं पाणी उतरलं की मागं काय काय उघडं पडतं आठवून बघा, भोगावतीचं जुनं पात्र, त्याच्या कडेचा सपाट माळ, बुडालेले बांध, झाडांची खोडं. तिथल्या लेकच्या पोटातही हेच असतं, फक्त ते तुम्हाला दिसत नाही. माळ संपून जुन्या पात्रात जिथं एकदम उतार पडतो त्या कडेला तिकडं लेज म्हणतात. वसंतात अंडी घालून झाली की मे-जूनपासून बासचे कळप या कडेवर येतात. वीज करायला धरणातनं पाणी सोडलं की आत प्रवाह सुरू होतो, शॅड नावाचे रुपेरी मासे कडेवर ढकलले जातात आणि बास तळाला चिकटून प्रवाहाकडं तोंड करून खायला बसतात, तेव्हा कुठलाही शहाणा माणूस मासा काढतो. पाणी बंद झालं की खेळ बदलतो. कळप कडेवरनं सुटतो, पात्राच्या अंगाला सरकतो आणि मधल्याच थरात थांबतो, तळ ३० फुटांवर आणि मासा १५ वर. पाणी कधी सोडणार ते टीव्हीए आधी जाहीर करतं, त्यामुळं घरनं निघायच्या आधी ते बघायचं आणि आज तळ का मधला थर हे गाडीत बसायच्या आधीच ठरवायचं.

टेक्सासकडच्या उभ्या पाण्याच्या लेकमध्ये आणखी एक भानगड असते. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात, वर गरम, खाली थंड, आणि खालच्या थंड थरात ऑक्सिजन संपत आलेला असतो, मासा तिथं राहूच शकत नाही. फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचं स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, त्याची सेन्सिटिव्हिटी वाढवली की हा सांधा स्क्रीनवर आडव्या फिकट पट्टीसारखा दिसतो. त्याच्या खाली स्पून सोडून बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास. वाहत्या नदीवरच्या लेकमध्ये हे थर एवढे टिकत नाहीत.

आता एवढा मोठा पत्रा कशाला, हा प्रश्न सगळेच विचारतात. गिझर्ड शॅड म्हणून एक जात आहे तिकडं, ती आठ इंचाच्या वर सहज जाते, आणि मोठा बास लहानसहान माशामागं दमत बसण्यापेक्षा असा एखादा जखमी मोठा शॅड बघतो. अधांतरी थांबलेला बास भुकेला असेलच असं नाही, समोरनं सरळ गेलेल्या गोष्टीकडं तो ढुंकून बघत नाही, पण डोक्यावर काहीतरी मोठं लुकलुकत, डुलत, मरत खाली यायला लागलं की त्याला राहवत नाही. बास खालनं वर बघून झडप घालतो. म्हणून स्पून माशाच्या वरनं यायला पाहिजे, खाली गेला की संपलं.

स्पून तिथं दुकानात मिळतात, पाच इंची आणि आठ इंची, सुरुवातीला पाच इंचीच घ्या. पण शिवाजी उद्यमनगरात कुणी ओळखीचा वर्कशॉपवाला असेल तर विकत घ्यायची गरज नाय. १८ गेजचा पितळी पत्रा, म्हणजे १.२ मिमी, २० सेंमी लांब आणि सगळ्यात रुंद जागी ५ सेंमी, दोरीच्या बाजूला निमुळता आणि गळाच्या बाजूला रुंद असा कापून घ्यायचा, वजन साधारण ७५ ग्रॅमच्या आसपास भरतं. लाकडाच्या ठोकळ्यात उथळ खोलगट करून त्यावर लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत बाक द्यायचा, घाई केली तर पत्र्याला चुण्या पडतात. दोन्ही टोकांना भोक, कडा कानशीनं मारून गुळगुळीत, दोन्ही भोकात जाड स्प्लिट रिंग, म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी कडी, कारण दोरी थेट पत्र्याला बांधली तर भोकाची धार दोरी कापते. मग बफ मारून चकाचक. पितळ तसंच ठेवलं तर गढूळ पाण्याला चालतं, स्वच्छ पाण्याला रुपेरी पाहिजे, तर निकेल प्लेटिंग करून घ्या, हुपरीत कुणी चांदीवाला पाहुणा असेल तर मग काय बोलायलाच नको. जाड पत्रा वापरू नका. जाड झाला की तो दगडासारखा सरळ खाली जातो आणि या स्पूनचा सगळा जीव सावकाश पडण्यात आहे.

स्पून झाला की शेतातल्या विहिरीवर जा. खरंच सांगतोय. पावसाळा सरल्यावर पाणी निवळलेलं असतं, दुपारी ऊन सरळ आत पडतं तेव्हा हुक लावलेला स्पून दोरीला बांधून मधोमध सोडा आणि काठावर ओणवं होऊन बघत राहा. बरोबर जमलेला स्पून पाण्यात गेला की आडवा होतो, एका अंगाला सरकतो, क्षणभर अडतो, मग दुसऱ्या अंगाला सरकतो आणि प्रत्येक वळणाला पोट उलटून एक लख्ख तिरीप मारतो. गोल गोल गरगरत गेला तर बाक एका बाजूला जास्त बसलाय, परत ठोकळ्यावर घ्या. नाक खाली करून सूर मारला तर बाक कमी आहे. हे झालं की दुसऱ्यांदा सोडताना दोरी ताणून धरा. लगेच दिसेल, डुलणं बंद, चमक बंद, स्पून नुसता तिरका तुमच्या बाजूच्या भिंतीकडं झुलत येतो. आता तिसऱ्यांदा दोरी अगदी ढिली सोडा. मस्त डुलतो, पण मध्येच कुणी खाली धरला असता तर तुमच्या हाताला काही कळलं नसतं. या दोन्हीच्या मधली जी ढील आहे, स्पून डुलतोय पण दोरीला पोट पडलेलं नाही, ती हाताला कळेपर्यंत विहिरीवरनं उठू नका. पन्नास व्हिडिओ बघून जे कळत नाही ते इथं दहा मिनिटांत कळतं.

रॉड साडेसात ते आठ फुटी, हेवी, पण टोक फार ताठ नको, थोडं वाकणारं पाहिजे, नाहीतर हुक तोंडातनं फाटून येतो. बेटकास्टर रीळ, म्हणजे रॉडच्या वर बसणारं, अंगठ्यानं आवरायचं, ७:१ च्या आसपास गिअर, म्हणजे मूठ एकदा फिरवली की रीळ सात वेळा फिरतं, कारण ढील पटापट गोळा करावी लागते. दोरी २० पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, फ्लुरोकार्बन नावाच्या प्लॅस्टिकची. दोरी आणि स्पूनच्या मध्ये दीड-दोन फुटांवर चांगला स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, लावाच, हा पत्रा दिवसभर दोरीला पीळ घालत असतो. कास्ट करायची प्रॅक्टिस इथंच तपोवन मैदानावर हुक काढून करून घ्या, सकाळी लवकर, क्रिकेटवाली पोरं यायच्या आधी, ७५ ग्रॅमचा पत्रा डोक्यात बसला तर खोक पडते. झटका मारून फेकायचं नाही, रॉड मागं नेऊन सावकाश एका दमात फिरवून सोडायचा, अंगठा रीळवर हलका ठेवून, स्पून खाली टेकायच्या क्षणाला अंगठा दाबायचा, नाहीतर रीळमध्ये असा गुंता होतो की दिवस तिथंच गेला.

आता खरं काम. बोट सावकाश कडेच्या बाहेरनं चालवत फिश फाइंडर बघायचा. शॅडचा कळप ढगासारखा पुंजका दिसतो, त्याच्या खाली किंवा बाजूला जाड तुटक रेघा किंवा कमानी दिसल्या की ते बास समजा. नुसता ढग दिसला तर थांबू नका, नुसते बास दिसले तर थोडा वेळ द्या, दोन्ही एकत्र दिसलं तर बोट मागं घ्या आणि लांबनं फेका. मासा किती फुटांवर आहे तो आकडा लक्षात ठेवा, समजा १८. आता मोजणी. आधी काठाजवळ दहा फूट खोल जागा बघून स्पून सोडायचा आणि मनात एकसारख्या लयीत आकडे मोजायचे, दोरी ढिली पडली की तळ लागला. समजा सातवर लागला. म्हणजे १४ फुटांना दहा. स्पून माशाच्या वर राहायला पाहिजे, म्हणून १८ वरच्या माशासाठी १४ धरायचे, फेकायचं कळपाच्या पलीकडं, रॉडचं टोक स्पूनमागं खाली नेत ती विहिरीवरची ढील ठेवत दहापर्यंत मोजायचं आणि रॉड कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत जोरात उचलायचा, स्पून चार-पाच फूट वर उडाला पाहिजे, मग लगेच टोक खाली आणत परत पडू द्यायचा. उचल, पड, मधली ढील रीळवर. प्रत्येक वेळी तेवढाच पडू द्यायचा जेवढा वर उचलला, नाहीतर दोन-तीन उचलीत स्पून माशाच्या खाली गेलेला असतो आणि तुम्ही आपले बोटीवर व्यायाम करताय. तळावरच्या माशाला ही मोजणी लागत नाही, तळ आपोआप कळतो, अधांतरी माशाला मात्र मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

मासे स्क्रीनवर स्पूनमागं येतायत पण घेत नाहीत, असं लय वेळा होतं. तेव्हा रीळचे सहा-सात वेगात वेढे मारून स्पून पळवायचा आणि एकदम सोडून द्यायचा, पळता मासा मेला असं त्यांना वाटलं पाहिजे. बोट थेट कळपावर आली असेल तर उभा खाली सोडूनही चालतं, हिवाळ्यात तर तेच करतात, तेव्हा थंडीनं शॅड गारठून आपोआप मरत खाली येत असतात, उचल मग फूट-दीड फुटाचीच ठेवायची.

लागला हे कसं कळतं, तर बऱ्याचदा धक्का बसतच नाही. दोरी किंचित उडते, नाहीतर बाजूला सरकते, नाहीतर दहापर्यंत जायचा स्पून सहालाच थांबतो. थांबला की विचार करायचा नाही, ढील गोळा करून ओढायचं. आणि मग खरी पंचाईत, जड पत्रा माशाच्या तोंडाला लोंबकळतोय, बास पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, आणि त्या पत्र्याच्याच वजनानं हुक सुटून येतो. म्हणून दोरी वर यायला लागली की रॉडचं टोक पाण्यात खुपसायचं आणि ताण अजिबात सोडायचा नाही. ट्रेबल हुक, म्हणजे तीन तोंडांचा गळ, नखावर घासून बघा, सरकला तर बदला, त्यात काटकसर नको. वर घेताना जाळीच वापरा, तोंडात हात घालायला जाऊ नका, तीन तोंडांचा हुक तुमच्या बोटात आणि माशाच्या जबड्यात एकाच वेळी असेल तर मग फोटो विसरा, सरळ हॉस्पिटल.

बुडालेल्या झाडीत स्पून अडकणारच. जोर लावून ओढलं की आणखी रुततो, त्यापेक्षा बोट बरोबर वर आणून दोरी ताणून सोडायची, टण टण असं दोन-चार वेळा, जड पत्रा स्वतःच्याच वजनानं हुकला ठोकून सोडवतो.

हे सगळं इथं चालेल का, हा पुढचा प्रश्न. आपल्या धरणात बास नाहीत आणि कुणी हौसेनं आणूनही सोडू नका, बंदी असलेल्या थाई मांगूरनं काय उच्छाद मांडलाय तो पुरे आहे. कटला पाण्यातलं बारीक जीवजंतू गाळून खातो, तो आठ इंची पत्र्याकडं कशाला येईल. मरळ शिकारी आहे, पण ती केंदाळाच्या कडेला उथळ पाण्यात बसते, तिला रबरी बेडूकच बरा. धरणावर मासेमारीचा ठेका सहसा सोसायट्यांकडं असतो, विचारल्याशिवाय काहीच टाकू नका. मालवणला बोटीवर कुणी ओळखीचं असेल तर मात्र एक पत्रा टाकून बघा, सुरमई चमकत्या धातूवर येते.

तिथं गेल्यावर पहिलं लायसन काढा, राज्याचं असतं, ऑनलाइन मिळतं, आणि त्या त्या लेकला किती इंचाखालचा मासा सोडायचा ते वाचून घ्या. खाल्ला तर चालतो, पण तिथले बरेचसे लोक बास सोडून देतात. ३० फुटांच्या खालनं काढलेला मासा लवकर सोडा, वर येताना त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि मग तो उलटा तरंगत राहतो, म्हणून तेवढ्या खोलचे मासे मी काढतच नाही. आणि उद्यमनगरचे स्पून नेताना हुक काढून वेगळ्या डबीत, सगळं चेक-इन बॅगेत. हँडबॅगेत ठेवले तर एक्सरेवाला थांबवणार, आणि मग ७५ ग्रॅमचा धारदार पितळी चमचा कशाला लागतो हे त्याला समजावत बसा.