स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, आता पुढे काय?

समजा, नागपूरच्या मनीषनगरातल्या एका घरात रात्री दोन वाजता कडी तोडून माणूस शिरला, हातात कोयता. घरमालकाने परवान्याच्या पिस्तुलातून गोळी झाडली. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. पण तेवढ्यावर पोलीस पाठ थोपटून परत जात नाहीत. गुन्हा दाखल होऊ शकतो आणि सुरुवातीला आरोपी तुम्हीच असता.

पहिलं काम, 112 वर फोन. पोलीस आणि रुग्णवाहिका दोन्ही मागा, जखमी चोर असला तरी. तो निपचित पडला किंवा पळत सुटला आणि धोका टळला, की तुमचा हक्कही संपला. त्यानंतरची गोळी, त्यातही पाठीत लागलेली, कोर्टात समजावून सांगणं फार कठीण जातं.

मग पिस्तूल दिसेल असं खाली ठेवा आणि कशालाच हात लावू नका. रिकामी पुंगळी, रक्त, तुटलेली कडी, कोयता, सगळं जागच्या जागी राहू द्या. आपल्याकडे घरातली मोठी माणसं हमखास म्हणतात, 'पोलीस यायच्या आत फरशी तरी पुसून घेऊ.' पुसू नका. हातही धुऊ नका, त्यावरचे बंदुकीच्या दारूचे कण तपासले जातात. पुरावा मुद्दाम नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम 238.

आता बोलणं. माझ्या मते निम्मी प्रकरणं इथेच बिघडतात. पोलिसांना मोजकं सांगा: हल्ला झाला, जीव वाचवायला गोळी झाडली, हत्यार तिथे आहे, अमक्यांनी पाहिलं, बाकीचं वकिलांशी बोलून सांगतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण शेजाऱ्यापाशी मारलेली 'ठोकलाच त्याला' ही फुशारकी चालते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची तर लेखीच असते.

तुम्हाला खरचटलं असेल तरी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत तपासणी करून नोंद घ्यायला लावा. जखम नसली म्हणून हक्क जात नाही, पण असली तर ती तुमच्या बाजूने बोलते.

अटक झालीच, तर कारणं लेखी मागा आणि घरच्यांना कळवायला सांगा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. जामिनासाठी सत्र न्यायालय, तिथे जमलं नाही तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच.

खटल्यात स्वसंरक्षण दाखवायचा भार आरोपीवर असतो, पण तो सरकारी पक्षाइतका जड नाही. तुमची हकीकत अधिक संभाव्य वाटली तरी पुरतं. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दर्शन सिंग खटल्यात ही तत्त्वं एकत्र मांडली. जीव धोक्यात असलेल्या माणसाचा प्रतिकार इतवारीतल्या सराफाच्या काट्यावर तोलायचा नसतो. प्रामाणिकपणे मर्यादा ओलांडली गेली, तर खून न धरता सदोष मनुष्यवध धरला जातो. अंगणातली स्कूटर कोणी गुपचूप ढकलत नेत असेल, तर मात्र गोळीने जीव घ्यायचा हक्क नाही. हत्यार विनापरवाना असेल तर स्वसंरक्षण मान्य होऊनही शस्त्र कायद्याचा खटला उरतो.

पिस्तूल जप्त होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. परवाना निलंबित होऊ शकतो. शहरात तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यावर अपील करता येतं. परवान्याची मुदत 5 वर्षांची आणि खटला त्याहून लांबू शकतो, म्हणून नूतनीकरणाची तारीख वकिलांच्या फाइलवरच लिहून ठेवा.