आधी जॉब, मग शेड: अपंग कामगारांची कार्यशाळा उभारताना

अपंग व्यक्तींना रोजगार देणारी कार्यशाळा काढायची असे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिली धावपळ जागेसाठी आणि देणग्यांसाठी होते. शेड उभी राहते, उद्घाटन होते, यंत्रांना हार घातले जातात आणि त्यानंतर आता येथे नेमके काय तयार करायचे, याची बैठक बसते. हा क्रम उलटा आहे. पणत्या, आकाशकंदील आणि कागदी पिशव्या यांपाशी अनेक संस्था अडकून पडतात त्या याचमुळे. या वस्तूंना दिवाळीआधी महिना-दीड महिना मागणी असते आणि उरलेले वर्ष पगारासाठी देणगीदारांचे उंबरे झिजवावे लागतात. ज्या कार्यशाळेला नफा वाटून घ्यायचा नाही, पण स्वतःच्या कमाईवर चालायचे आहे, तिने आधी बारमाही काम शोधावे.

(सरकारी कागदोपत्री ‘दिव्यांग’ हा शब्द आहे आणि अर्ज करताना तोच वापरावा. आमच्या कोल्हापूरच्या कार्यशाळेतील बहुतेक कामगार स्वतःला सरळ ‘अपंग’ म्हणतात, म्हणून येथे तोच शब्द ठेवला आहे.)

काम शोधण्याच्या बाबतीत कोल्हापूर सुदैवी आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत या पट्ट्यात फाउंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप एकमेकांना लागून आहेत. कास्टिंगचे (ओतीव नगाचे) मशीनिंग झाल्यानंतर त्याची बर (कडेला उरलेला धातूचा धारदार कंगोरा) काढणे, भोक गेजने (मापाच्या साधनाने) तपासणे, गंजरोधक तेल लावणे, पिशवीत भरणे आणि खोक्यात रचणे ही कामे प्रत्येक कारखान्यात असतात, आणि ती कोपऱ्यात बसलेल्या हेल्परकडून, वेळ मिळेल तशी उरकली जातात. माल परत येतो तो बहुधा याच टप्प्यावरच्या हलगर्जीपणामुळे. म्हणून मालकाच्या केबिनमध्ये गेल्यावर ‘आमच्या मुलांना काही काम द्या’ असे म्हणू नये. ‘तुमच्याकडे कोणते काम रखडते आणि कोणत्या कारणाने माल परत येतो’ असे विचारावे. पहिल्या वाक्याला उत्तर म्हणून चहा आणि पावतीपुस्तकावर एक आकडा मिळतो. दुसऱ्या प्रश्नानंतर मालक आपल्याला शॉपमध्ये घेऊन जातो.

अशा जॉबवर्कशिवाय (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेल्या कामाशिवाय) याच कारखान्यांना रोज लागणाऱ्या वस्तूही आहेत: सुती हातमोजे, यंत्र पुसण्याचे कापड, पुठ्ठ्याची खोकी, लाकडी पॅलेट. आपल्या भागात जे पिकते किंवा खपते त्याच्याभोवती काम उभे करण्याचा धडा कोल्हापुरातच मिळतो. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये येथे स्थापन केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ या संस्थेने सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील मोरे येथे काम सुरू केले, तेव्हा काजूप्रक्रियेचा उद्योग निवडला. कोकणात काजू, तर उद्यमनगरात कास्टिंग, इतके साधे हे गणित आहे.

दर ठरवताना दयेपोटी वाढवून मागू नये आणि संकोचाने कमीही सांगू नये. नमुन्याचे २०० नग आणून आपल्याच कामगारांकडून करून घ्यावेत, घड्याळ लावून वेळ नोंदवावा, त्यात टेम्पोचे भाडे, वीज, सुपरवायझरचा पगार आणि थोडे रिजेक्शन धरावे आणि मगच आकडा लिहून द्यावा. सुरुवातीला आमच्याकडे नेहमीच्या हेल्परपेक्षा निम्म्याच वेगाने काम होत असे. तीन महिन्यांनी, फिक्श्चर (काम सोपे करणारी बेतीव साधने) बसल्यावर, ही तफावत बरीचशी भरून निघाली.

फिक्श्चर

‘अमुक अपंगत्वाला अमुक काम’ असा तक्ता मागणारे पुष्कळ भेटतात. असा तक्ता करू नये. कामाचे लहान टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्याला नेमके काय लागते (दृष्टी, दोन हात, उभे राहणे, मोजणे, ऐकणे) ते लिहावे आणि जे लागते पण त्या व्यक्तीकडे नाही, त्याची भरपाई जिग किंवा फिक्श्चरने करावी.

बुशचे (धातूच्या आखूड पोकळ नळीचे) भोक तपासण्याचे काम घेऊ. त्यासाठी प्लग गेज वापरतात. त्याची एक बाजू भोकात गेली पाहिजे आणि दुसरी जाता कामा नये. ‘गो’ बाजू लांब आणि ‘नो गो’ बाजू आखूड असते, त्यामुळे पूर्ण अंध कामगारालाही कोणती बाजू हातात आहे ते बोटांनीच कळते. निर्णय स्पर्शावर असल्याने डोळ्यांची गरज उरते ती फक्त नग कोठे ठेवायचा यासाठी. आम्ही उजवीकडे रबर अंथरलेला, खाचा असलेला ट्रे ठेवला आणि डावीकडे उघडा पत्र्याचा डबा. चांगला नग ट्रेमध्ये आवाज न करता बसतो, त्याला ठेचही लागत नाही. नापास नग डब्यात पडला की खण्ण वाजते. याचा एक अनपेक्षित फायदा असा झाला की सुपरवायझरला शेडच्या दुसऱ्या टोकाला बसूनही रिजेक्शन वाढल्याचे ऐकू येऊ लागले. मात्र गेज झिजते, त्यामुळे त्याचे कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) ठरल्या तारखेला झालेच पाहिजे. नाहीतर दोष गेजचा आणि बोल कामगाराला, असे होते.

मोजणीचेही तसेच. बौद्धिक अपंगत्व असलेल्या ज्या मुलाला ‘दहाच्या पुढे मोजता येत नाही’ म्हणून घरी बसवले होते, त्याच्यासाठी ५० भोके पाडलेली लाकडी पाटी केली. प्रत्येक भोकात एक नग. भोक रिकामे असेल तर ते डोळ्यांनाच खुपते. पाटी भरली की पिशवीत ओतायची. त्याच्या पिशव्या वजनकाट्यावर आम्ही अनेक दिवस पडताळत राहिलो, नंतर सोडून दिले.

कर्णबधिर कामगारांसाठी यंत्र बंद पडल्याचा, आगीचा आणि टेम्पो मागे येत असल्याचा इशारा फिरत्या दिव्याने द्यावा. खेड्यातून आलेल्या अनेकांना भारतीय सांकेतिक भाषा येत नाही, घरातल्या खुणा तेवढ्या येतात. त्यामुळे एका सुपरवायझरने ती भाषा शिकून भागत नाही, कामगारांनाही ती शिकवावी लागते.

सुरक्षिततेबाबत दोन गोष्टी नेहमीच्या सेफ्टी अधिकाऱ्यालाही सुचत नाहीत. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या व्यक्तीला कमरेखाली संवेदना नसते. तिने गरम कास्टिंग सवयीने मांडीवर ठेवले तर भाजल्याचे तिला कळत नाही आणि फोड संध्याकाळी घरी गेल्यावर दिसतो. म्हणून मांडीवर नग ठेवायला पूर्ण बंदी असावी, खुर्चीवर योग्य उशी असावी आणि दर अर्ध्या तासाच्या आतच हातांवर भार देऊन अंग उचलण्याची सवय सर्वांनी मिळून पाळावी. बसून झालेल्या जखमांमुळे माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींच्या हातांबाबतही हीच काळजी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे फिट येण्याचा पूर्वेतिहास विचारल्याशिवाय कोणालाही ड्रिलवर किंवा ग्राइंडरवर बसवू नये. तो विचारताना नोकरी जाणार नाही, काम बदलले जाईल, हे आधी सांगावे, म्हणजे खरे उत्तर मिळते.

शेड

जागा फुकट मिळते म्हणून बसथांब्यापासून चार किलोमीटर आत जाऊ नये. रिक्षाच्या भाड्यात पगार विरघळतो आणि पावसाळ्यात हजेरी निम्म्यावर येते. के.एम.टी. किंवा एसटीचा थांबा जवळ असावा आणि बाजूची चाके लावलेल्या स्कूटरींसाठी छपराखाली जागा असावी.

रॅम्पला एकास बारा असा उतार हवा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आमचे जोते पावसाचे पाणी लक्षात घेऊन दीड फूट ठेवले होते, त्यामुळे रॅम्प अठरा फूट व्हायला हवा होता. गवंड्याने सात फुटांत बसवला आणि ‘चढतंय की सायेब’ म्हणून स्वतः चालून दाखवले. चालणाऱ्याला तो चढतच होता! पहिल्याच दिवशी व्हीलचेअर मागे कलंडली. मागे दोघे उभे होते म्हणून निभावले. तो फोडून पुन्हा केला, तेव्हा गुळगुळीत फरशी न लावता ओल्या काँक्रिटवर झाडू ओढून पृष्ठभाग खरखरीत ठेवला, कारण कोल्हापूरच्या जुलैत फरशीवर शेवाळ धरते. दरवाजे किमान ९० सेंटिमीटर रुंद ठेवावेत, व्हीलचेअर वळायला दीड मीटरची मोकळी जागा असावी आणि शौचालयाचे दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगावर अडते.

नोंदणी, हिशेब आणि पगार

संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदवता येते किंवा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली कंपनी म्हणून काढता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार अपंगांच्या प्रशिक्षणाचे किंवा पुनर्वसनाचे काम करणाऱ्या संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र लागते, ते आधी घ्यावे. न्यासाने व्यवसाय केल्यास त्याचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. देणगीचा आणि जॉबवर्कचा पैसा एका खात्यात मिसळला की पहिल्याच लेखापरीक्षणात गोंधळ उडतो. जॉबवर्क ही सेवा असल्याने २० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसली, तरी मोठे कारखाने क्रमांक मागतातच. उद्यम नोंदणीही (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करावी, कारण सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. एका कारखान्याने आमचे बिल सात महिने ठेवून घेतले, ते ‘संस्थेचे आहे, थांबतील’ या समजुतीने. सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीचा) पैसा यंत्रे, फिक्श्चर आणि गाडी यांसाठी मागावा. पगारासाठी घेतला तर तो ज्या वर्षी थांबतो त्याच वर्षी कार्यशाळाही थांबते.

पगाराला ‘मानधन’ म्हणण्याची पद्धत सोडावी. प्रशिक्षणाचा काळ संपण्याची तारीख नेमणूकपत्रावर लिहावी आणि त्यानंतर किमान वेतन द्यावे. केवळ नगावर मजुरी ठेवल्यास संथ कामगार कायम मागे राहतो, म्हणून दिवसाचा पगार ठरलेला आणि गटाच्या उत्पादनावर थोडा जादा, ही रचना आम्हाला चालली. दहा कामगार झाले की ईएसआय (कामगारांची राज्य विमा योजना) लागू होते. तिची वेतनमर्यादा इतरांसाठी २१,००० आणि अपंगांसाठी २५,००० रुपये आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. ज्यांच्याकडे यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे सरकारी ओळखपत्र) नाही त्यांचा अर्ज भरून सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणीला नेणे हे कार्यशाळेने आपलेच काम मानावे, कारण ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राशिवाय बहुतेक सवलती मिळत नाहीत.

भरतीच्या वेळी मोठी अडचण अनेकदा घरातून येते. पगार सुरू झाला तर संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान उत्पन्नमर्यादेमुळे बंद होईल, ही भीती खरी असते. ती झटकून न टाकता घरच्यांसोबत बसून दोन्ही रकमा कागदावर मांडाव्यात. वडील पगार आपल्या हातात द्यायला सांगतात, तेव्हा बँक खाते कामगाराच्याच नावाचे राहील, असे नम्रपणे पण पहिल्याच दिवशी सांगावे.

वर्षभरात दोन-तीन चांगले कामगार कारखान्यांतच नोकरीला जातात. ज्याच्या गेजवर आपली सर्वांत मोठी ऑर्डर अवलंबून असते, नेमका तोच आधी जातो, आणि त्याला अडवायचे नसते. म्हणून प्रत्येक फिक्श्चरवर दोन माणसे तयार ठेवावीत आणि महिन्यातून एक दिवस त्यांच्या जागा आपसात बदलाव्यात.