दोन चंद्रांचं पंचांग कसं मांडायचं

गोष्टीतल्या जगाला ज्योतिष द्यायचं असेल, तर राशींच्या नावांपासून सुरुवात करू नका. मी तसंच केलं होतं. बारा सुरेख नावं झाली, पण माझ्या कादंबरीतला एकही माणूस त्यांच्याकडे बघून काही ठरवेना.

आधी विचारा, या लोकांना धास्ती कशाची? आम्ही सांगलीची माणसं. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, हे दर तासाला विचारतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका. त्याच घरात आजी पंचांग उघडून नक्षत्राचं वाहन बघायची. बेडूक, म्हैस, हत्ती आला की पाऊस भरपूर. कोल्हा आला की तिचा चेहरा उतरायचा. फूटपट्टी आणि वाहन एकाच घरात नांदतात. तुमच्या जगातही तसंच नांदू द्या, म्हणजे ते खरं वाटेल.

मग आकाश, आणि इथे वही-पेन्सिल घ्याच. माझ्या जगात दोन चंद्र आहेत. थोरल्याची पौर्णिमा ३६ दिवसांनी, धाकट्याची २४ दिवसांनी. दोन्ही एकत्र दर ७२ दिवसांनी. वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणजे पाच जोडपौर्णिमा होऊन पाच दिवस उरतात. त्यामुळे दरवर्षी जोडपौर्णिमा पाच दिवस अलीकडे सरकते आणि चौदा वर्षांनी जवळपास मूळ जागी येते. एवढ्या हिशोबातून मला सगळं मिळालं: सरकणारा सण, चौदाव्या वर्षाची भीती, आणि ते पाच दिवस कुठे घालायचे यावरून भांडणारी जोश्यांची दोन घराणी. आपल्याकडे अधिक मास असाच हिशोब जुळवायला येतो, हे लक्षात असू द्या.

शकुन मात्र कामातून उगवू द्या. सांगलीजवळच्या हरिपूरला पूर्वी हळद पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, साठवायचे. बंद पेवात हवा कोंदते, म्हणून उतरण्याआधी कंदील सोडून बघायचा; विझला तर उतरायचं नाही. हे मी तिकडे नेलं. माझ्या शहरात जोडपौर्णिमेला धान्याच्या पेवात दिवा सोडतात. शेकडो वर्षांत कारण विसरलं गेलं, आणि आता दिवा किती हात खाली जाऊन विझला यावर लग्नं ठरतात.

भविष्य सांगणाऱ्याला वेळ, वाद्य आणि दक्षिणा द्या. पहाटे कुडमुडं वाजवत, कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा आठवा. पिंगळ्याची, म्हणजे त्या छोट्या घुबडाची, भाषा कळते असं तो सांगतो. माझा सांगणारा पैसे घेत नाही, मूठभर बियाणं घेतो. भाकीत चुकलं तर पुढच्या पेरणीला दुप्पट परत करायचं, असा गावाचा दंडक. त्याची बायको रोज संध्याकाळी कणगीत हात घालून बघते, किती उरलंय ते.